पुरीची आत्या आणि पुरीचे पाणी



खंडगिरी-उदयगिरीच्या यात्रेबद्दल लिहिले तेव्हापासून अधूनमधून फोन येतात. "काकू, तिथून पुढे पुरीला समुद्र बघायला जाणार आहोत. नातवंडं बरोबर आहेत. पाण्याचं काय करायचं? समुद्रात उतरलं तर चालतं का?" दहा ओळींची यादी लिहून मोकळी झाले असते. पण आमच्या घरात पुरी हे नाव नुसते सहलीच्या गावाचे नाही. म्हणून यादीऐवजी हा लेख. यादी त्यातच कुठेतरी सापडेल.

माझे लग्न 1981 साली झाले. सासरी सांगलीत गुळाची आणि हळदीची अडत. पहिल्याच चातुर्मासात एकदा घाईत मी नळाचे पाणी तसेच माठात ओतले. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पुरीच्या आत्याचं ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हते. दुपारी निवडणटिपण करताना त्यांनी सांगितले. सासऱ्यांची ही आत्या लहानपणीच विधवा झालेली, माहेरीच राहिलेली. शेजारच्या एका वयस्कर जोडप्याबरोबर शिखरजीला गेली. शिखरजी झाले, खंडगिरी झाले, आणि मग म्हणे समुद्र बघायचा हट्ट धरून पुरीला गेली. तिथे पटकी लागली आणि दोन दिवसांत संपली.

घरात या गोष्टीचा निकाल कधीच लागून गेला होता. तीर्थ सोडून मौजेला गेली ही एक चूक, आणि परमुलखात पाणी न गाळता प्यायली असणार ही दुसरी. तिच्या नावाचा उपयोग पुढे सगळ्या सुनांना आणि मुलींना धाक घालायला झाला. मीही माझ्या लेकीला शाळेच्या सहलीला पाठवताना तेच सांगितले आहे, हे कबूल करते.

जानेवारी 2023 मध्ये आम्ही दोघे खंडगिरीला गेलो. हाथीगुंफेत खारवेल राजाचा शिलालेख आहे, त्याची सुरुवातच अरिहंतांना आणि सिद्धांना नमस्कार करून होते. तो बघून बाहेर आलो तेव्हा हे म्हणाले, "पुरी इथून साठेक किलोमीटर आहे. जाऊया का?" मी क्षणभर गप्पच बसले. मग म्हटले, जाऊया.

पुरीबद्दल मी जे वाचले ते बहुतेक परत आल्यावर. मी इतिहास शिकलेली नाही, बी.कॉम. आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी जमाखर्चाकडे जाते. आणि पुरीचा जमाखर्च वाचण्यासारखा आहे. 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा उंच अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला तो त्याच काळात. गावाच्या वेशीवर अठरनाळा नावाचा जुना दगडी पूल आहे, तिथे मराठे यात्रेकरूंकडून कर घेत. 1803 मध्ये इंग्रज आले. त्यांनी 1806 मध्ये रीतसर नियम करून तोच कर चालू ठेवला. यात्रेकरूंचे वर्ग पाडले. जास्त पैसे भरणारा तो 'लाल जात्री', त्याला जास्त दिवस राहण्याची आणि दर्शनाची मुभा. हा कर 1840 पर्यंत चालला.

जमेची बाजू अशी. खर्चाच्या बाजूला, म्हणजे या माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, संडासासाठी, राहण्यासाठी काय केले म्हणाल तर फारच थोडे. आणि माणसे मरत होती. क्लॉडियस ब्यूकॅनन नावाचा पाद्री 1806 मध्ये पुरीला गेला होता. पुरी जवळ येत चालली हे वाटेवर दिवसेंदिवस दिसणाऱ्या माणसांच्या हाडांवरून कळते, असे त्याने लिहून ठेवले. पाद्रीबुवांना हिंदूंच्या देवाची नालस्ती करायचीच होती, त्यामुळे त्यांचे लिहिणे जपून वाचावे. पण बंगालमधून पायी येणारी माणसे वाटेत मरत होती, हे पुढे सरकारी अधिकाऱ्यांनीही लिहिले.

त्यात 1817 मध्ये बंगालमध्ये पटकीची मोठी साथ उठली आणि पुढच्या काही वर्षांत पार परदेशात पोचली. युरोपात माणसे मरू लागली तेव्हा सगळ्यांना हा रोग येतो कुठून हा प्रश्न पडला. 1866 मध्ये इस्तंबूलला, त्या वेळच्या कॉन्स्टँटिनोपलला, अनेक देशांची परिषद भरली. आदल्याच वर्षी मक्केच्या यात्रेत पटकीने कहर केला होता. परिषदेने बोट दाखवले ते हिंदुस्थानकडे आणि इथल्या यात्रांकडे. मग बंगालचे आरोग्य अधिकारी डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी 1868 मध्ये पुरीच्या यात्रेवर अहवाल लिहिला. 1872 मध्ये विल्यम हंटर यांचे ओडिशावरचे पुस्तक आले. दोघांनीही यात्रेकरूंच्या बिऱ्हाडांची वर्णने केली आहेत. खिडकी नसलेल्या खोल्यांत दाटीवाटीने झोपलेली माणसे, दाराशीच सांडपाण्याचा खड्डा, आणि आंघोळीला, कपडे धुवायला, प्यायला तेच तळे. त्याच सुमारास पुरीसाठी बिऱ्हाडांचा वेगळा कायदा झाला. घरमालकाने परवाना घ्यायचा, किती माणसे ठेवायची ते आरोग्य अधिकारी ठरवणार. कराची पहिली जमा 1806 ची आणि हा खर्च साठ वर्षांनंतरचा. कॉलेजात आमच्या सरांपुढे असा ताळेबंद ठेवला असता तर सरांनी वही परत फेकली असती.

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकली. इतकी वर्षे दोष बहुतेक यात्रेकरूला दिला गेला. तो अडाणी, तो घाणेरडा, तो शिळे खातो. शिळ्या अन्नाची तक्रार खोटी नव्हती. महाप्रसाद मातीच्या हंड्यांत, एकावर एक रचून, लाकडाच्या चुलीवर शिजतो. ताजा असेल तर त्यात काही वाईट नाही, असे टीकाकारही म्हणत. पण तोच भात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ओडिशाच्या दमट हवेत, खाल्ला जाई. आपल्याकडे कोणत्या पदार्थाची किती मर्यादा हे लहानपणापासून शिकवतात, ते इथे आठवते. (जाता जाता: महाप्रसादात बटाटा, कांदा, लसूण नसतो म्हणून आपल्याला चालेल असे काही जणींना वाटते. अरवी आणि रताळ्यासारखे कंद असतात, तेव्हा बघून घ्या.) पण ज्याच्यापुढे दुसरे पाणीच नाही त्याने प्यायचे काय?

यात्रेकरूंचा दुसरा मृत्यू समुद्रावर होता. पायी चालायला नको म्हणून कलकत्त्याहून आगबोटीने चांदबालीला उतरायचे आणि तिथून पुढे जायचे, अशी सोय निघाली. 25 मे 1887 ला 'सर जॉन लॉरेन्स' नावाची बोट अशीच यात्रेकरू घेऊन निघाली आणि चक्रीवादळात सापडून बुडाली. सातशेच्या वर माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका. रवींद्रनाथ ठाकूर तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, त्यांनी या घटनेवर कविता लिहिली आहे. कलकत्त्याच्या एका घाटावर त्या बायकांच्या स्मरणार्थ फलक आहे, तो इंग्रज स्त्रियांनी लावला. रेल्वे पुरीला पोचली 1 फेब्रुवारी 1897 ला, खुर्दा रोडवरून. त्यानंतर चालणे संपले, बोट संपली. पण गाडी भरभरून माणसे येऊ लागली आणि पाणी होते तेच राहिले.

आमची आत्या रेल्वेने गेली. मिरजेहून बसली असणार.

आता पाण्याकडे वळते. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो यांनी एका पंपाच्या पाण्यातून पटकी पसरते हे दाखवून दिले होते. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होते. ज्या वस्तीत माणसे मरत होती तिच्या तळ्यातल्या पाण्यात त्यांना तोच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. तरी हिंदुस्थान सरकारच्या मोठ्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाण्याचा दोष कबूल करायला बराच काळ लागला. कबूल केले की पाण्यावर पैसा खर्च करायला लागतो, हे एक कारण असावे असे मला वाटते.

आणि आपले गाळणे? मैत्रिणींनो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल, 'जैनांनी हजारो वर्षांपूर्वी ओळखले ते विज्ञानाने आज सिद्ध केले'. त्यामागे खरा अभ्यास आहे, पण तो नीट वाचावा. रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या 65 खेड्यांत काम केले. बायकांना जुन्या सुती साडीची चार पदरी घडी घालून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले, की पटकीचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटले. साडीच का? कारण पटकीचा जंतू इतका बारीक असतो की तो सुटा असेल तर कापडातून आरपार जातो. पण पाण्यात जे बारीक जीव असतात त्यांच्या अंगाला तो चिकटून राहतो, आणि ते जीव कापडात अडकतात. जुनी साडी बरी, कारण धुऊन धुऊन तिचे सूत फुगते आणि वीण घट्ट होते.

वाचून मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू. पण 48 टक्के म्हणजे शंभरातले बावन्न तसेच राहिले. आणि मूळ गोष्ट अशी, की आपण गाळतो ते पाण्यातल्या जिवांसाठी. म्हणून तर गाळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची असते. म्हणजे पटकीच्या दिवसांत चिकटलेला जंतूही त्यांच्याबरोबर परत विहिरीत. गाळण्याने आपले आरोग्य थोडे सांभाळले गेले तर ती वरची जमा समजावी. शरीर सांभाळते ते उकळलेले पाणी. आपल्यात गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटे आणि उकळलेल्या पाण्याची 24 तास. प्रवासाला दुसरेच उपयोगी.

तर आत्याने काय केले होते? हे कळले ते मागच्या वर्षी. जुन्या घराचा माळा उतरवताना लाल खारव्यात बांधलेल्या चोपड्या सापडल्या. रोजकीर्द आणि खतावणी, सगळे मोडीत. मला मोडी येत नाही. ओळखीतले एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात, ते चार रविवार आमच्याकडे येऊन बसले. शके 1834 च्या खतावणीत एक पान निघाले, 'अक्काचे यात्रा खाते'. अक्का म्हणजे तीच. तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांनी, मांडलेले खाते. रेल्वेचे भाडे, दानाची रक्कम, डाळ-तांदूळ, आणि मग 'मांजरपाट गाळण्यास' आणि 'पितळी तपेली 1, पाणी तापविण्यास'.

तपेली पाणी तापवायला. मी सरांना ते दोनदा वाचायला लावले.

फाल्गुनात, म्हणजे मार्च 1913 मध्ये, 'पुरीहून तार आली' अशी नोंद आणि तिच्याखाली 'पुरीस उलट तार'. पुढे क्रियाकर्माचा खर्च. फाल्गुन पौर्णिमेला पुरीत दोलयात्रा असते, मोठी गर्दी उसळते. म्हणजे ती नेमकी गर्दीच्या दिवसांत तिथे होती. शेवटी परत आलेल्या सामानाची यादी आहे. लुगडी 2, जपमाळ, तांब्या, तपेली 1, गाळणे 1.

हिशेबाच्या वहीवरून एवढेच सिद्ध होते की वस्तू गेल्या आणि वस्तू आल्या. ती रोज पाणी उकळत होती का, हे वही सांगत नाही. पण जी बाई सांगलीहून वेगळी तपेली घेऊन निघते आणि शेवटपर्यंत जपते, तिने आळसाने तळ्याचे पाणी प्यायले असे मी तरी आता म्हणणार नाही. मग पटकी लागली कशी? स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला याची दहा उत्तरे सुचतील. पिण्याचे पाणी उकळले, पण भांडी कशाने धुतली? चूळ कशाने भरली? ताकात कुठले पाणी होते? बिऱ्हाडातल्या माश्या आधी कुठे बसून आल्या? बरोबरच्यांपैकी कोणी आधी आजारी पडले असेल तर त्याचे कपडे धुतले ते बहुधा तिनेच. ती सगळ्यांत तरुण होती.

यापुढचे लिहावे की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने, काही तासांत. त्या काळी पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचे नाही, अशी बऱ्याच घरांत समजूत होती. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स नावाचे डॉक्टर शिरेतून मिठाचे पाणी देऊन रोगी वाचवू लागले होते, पण ते मोठ्या इस्पितळात. पुरीच्या बिऱ्हाडात रात्री आजार सुरू झाला असेल, आणि रात्री पाणीही घ्यायचे नाही हा तिचा नियम असेल, तर? तिचा तो नियम होता, हे घरात नेहमी कौतुकाने सांगत आले. ती दोन रात्री तहानेने तळमळली असेल आणि तिने नियम मोडला नसेल. आणि आम्ही शंभर वर्षे सांगत आलो की नियम मोडला म्हणून गेली.

हे मला कल्पनेने सुचलेले नाही. पुरीत आमच्यावरच ती वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर ह्यांनी उसाचा रस घेतला. बर्फ नको म्हणून सांगायला मी विसरले आणि गाडीवाल्याने सवयीने घातला. बर्फ कुठल्या पाण्याचा असतो हे देवच जाणे. रात्री नऊपासून जुलाब सुरू झाले, अकरापर्यंत सहा वेळा. ह्यांचा रात्री चौविहाराचा नियम आहे, काही वर्षांपूर्वी महाराजांकडून घेतलेला. मी क्षारसंजीवनीची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून पुढे केली. हे म्हणाले, "सकाळी घेतो." मी म्हटले, सकाळी इस्पितळात घ्यावे लागेल. पाऊण तास आमचे भांडण चालले, आवाज न करता, कारण शेजारच्या खोलीत माणसे झोपली होती. शेवटी मी म्हटले, "पुरीच्या आत्यानंतर या घरातलं आणखी एक माणूस मला इथे ठेवायचं नाही." मग घेतले, दर जुलाबामागे पेलाभर. पहाटे थांबले. लघवी बंद झाली असती किंवा ग्लानी आली असती तर मी पुडीवर अवलंबून न राहता रिक्षा बोलावली असती, हेही सांगते, कारण पुडी म्हणजे डॉक्टर नव्हे.

घरी आल्यावर ह्यांनी महाराजांना सांगितले. महाराजांनी एक उपवास आणि काही माळा सांगितल्या आणि म्हणाले, आजारपणाची सूट कशासाठी असते? नियम घेताना पुढच्या वेळी ती स्पष्ट बोलून घ्या. तुम्हीही घ्या, एवढेच माझे म्हणणे. वयस्कर माणूस यात्रेला निघण्याआधी घ्या.

ती पुडी आपल्या देशाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि पिंपातून तोंडाने द्यायला लावला. पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांनी केले, बहुतेक बायाबापड्यांनी. दर शंभरात तीसेक रोगी मरत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आले. आम्ही पुरीहून परतलो त्याच महिन्यात त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता तुमच्या प्रश्नांचे. 26 जुलै 2021 पासून पुरी शहरात नळाचे पाणी थेट पिता येईल अशी योजना सुरू झाली आहे, आणि देशात ही सोय अशा रीतीने करणारे ते पहिले शहर. रस्त्यांवर पाण्याच्या टाक्या-नळ दिसतात, लोक बाटल्या भरून घेतात. बघून बरे वाटले. तरी मी विजेची किटली नेली होती आणि खोलीत पाणी उकळतच होते, त्यात आपला नियमही सांभाळला जातो. भांडी, दात घासणे, चूळ, सगळ्याला तेच वापरा. कापून ठेवलेली फळे, रस, बर्फाचा गोळा, किनाऱ्यावरची चटणी हे नातवंडांना आधीच सांगून टाका, तिथे गेल्यावर ऐकत नाहीत. पुड्या सहा-सात ठेवा.

समुद्राचे मात्र जपून. पुरीचा किनारा उतरता आहे, लाटा अंगावर येऊन आदळतात आणि पायाखालची वाळू ओढून नेतात. तिथे नुलिया म्हणून ओळखले जाणारे तेलुगू बोलणारे कोळी आहेत. त्यांचे पूर्वज आंध्रच्या किनाऱ्यावरून येऊन इथे वसले. यात्रेकरूंना हात धरून समुद्रस्नान घालण्याचे काम ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले, डोक्यावर वेताची टोकदार पांढरी टोपी. आता सरकारी जीवरक्षकही असतात. आमच्या नुलियाने मला एक जागा दाखवली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधे पाणी अगदी शांत होते. मला वाटले, इथे बरे. तो जोरात मान हलवून नको म्हणाला. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत ओढले जाते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचे नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचे आणि हात वर करायचा. अंधार पडल्यावर पाण्याकडे जायचेच नाही.

शक्यतो थंडीत जा. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. 3 मे 2019 ला फनी वादळ पुरीजवळच किनाऱ्यावर आले. त्याआधी सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले होते, त्यामुळे मृत्यू शंभराच्या आत राहिले. 1999 च्या वादळात ते दहा हजारांच्या आसपास होते. सूचना आली की तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, निघायचे.

सासूबाई आता 88 वर्षांच्या आहेत. खतावणीचे पान मी त्यांना वाचून दाखवले, तपेलीपासून गाळण्यापर्यंत सगळे. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मला वाटले झोप लागली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिचा वर्षश्राद्धाचा दिवस कुणी पाळला नाही कधी. तिथी काढून ठेव." आपल्यात श्राद्ध नाही, पण त्यांना म्हणायचे होते ते मला कळले. त्या दिवशी मंदिरात तिच्या नावाने दान द्यायचे ठरले.

मग विचारले, "समुद्र बघितला का गं तिनं?"

मी म्हटले, "आई, तार पुरीहून आली होती. म्हणजे पोचली होती."